माझ्या लेकीचा सिनेमा, आणि तिलाच आत प्रवेश नाही

पत्र थोडक्यात: नागपूरच्या एका आईचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. त्यांची मुलगी १२ वर्षांची, सातवीत. गेल्या मे महिन्यात काटोलकडच्या एका गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात तिनं नायिकेच्या मुलीचं काम केलं. १९ दिवस आई सोबत होती, सेटवर वावगं काही दिसलं नाही. आता सिनेमा तीन आठवड्यांत लागतोय आणि त्याला 'ए' प्रमाणपत्र मिळालंय. सासऱ्यांनी पहिल्या दिवसासाठी ४० जणांना आवतण देऊन ठेवलंय. ते म्हणतात, "काहून नाही दाखवायचा पोरीले तिचा सिनेमा?" दीर म्हणतात, थिएटरचा मॅनेजर ओळखीचा आहे, मागच्या दारानं नेऊ. नवऱ्याचं म्हणणं, कंपनीवर दबाव आणा, सीन कापायला लावा. ज्या स्थानिक माणसानं काम मिळवून दिलं, तो म्हणतो, "माझ्या हातात काही नाही." आईला रात्री झोप नाही: आपण पोरीला कसल्या सिनेमात पाठवलं? आणि मुलगी विचारते, "मी काम केलं ना त्यात? मग मलाच का नाही?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. ट्रेलर आला त्या दिवशी मुलीनं तो तीनदा पाहिला आणि म्हणाली, "आई, ती किंकाळी माझी नाहीये." तेव्हापासून ती गप्प गप्प आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा प्रश्न थिएटरच्या दाराचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीपाशी अडकले. तिच्याकडे येतेच, पण आधी दाराचं बोलू, कारण तिथला निर्णय तुम्हाला लवकर घ्यायचा आहे.

मी तुमच्या लेकीएवढी असताना वडील आम्हाला सीताबर्डीवरच्या एका थिएटरात घेऊन गेले होते. तिकिटं काढून झाली होती, आईनं मध्यंतरासाठी डब्यात चिवडा घेतला होता, आणि दारावरच्या माणसानं मला बघून हात आडवा केला. वडील म्हणाले, "मी बाप आहे तिचा. माझी परवानगी आहे." तो म्हणाला, "साहेब, इथं तुमची परवानगी नाही लागत." आवाज चढवला नाही, हातही खाली घेतला नाही. वडिलांना ते फार लागलं. परत येताना रिक्षात कोणी बोललं नाही. मला मात्र इतक्या वर्षांनीही वाटतं की तो माणूस बरोबर होता, आणि त्याचं ते वाक्य आजही कायद्याला धरून आहे.

'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला आईवडिलांची संमती चालत नाही. सोबत आजोबा असोत, अख्खं घर असो, किंवा मुलीनं स्वतः त्यात काम केलेलं असो. वयाची १८ वर्षं पूर्ण नसतील तर प्रवेश नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ७ असा सिनेमा १८ वर्षांखालच्या मुलाला दाखवणाऱ्याला दोषी धरतं. म्हणजे दीर ज्या मॅनेजरच्या ओळखीवर विसंबले आहेत, त्या बिचाऱ्याची नोकरी आणि त्याच्या मालकाचा परवाना आपण आपल्या हौसेपायी पणाला लावणार. आणि तुमच्या लेकीचं बघा. आपलं पहिलं काम ती पडद्यावर पहिल्यांदा बघणार, ते ओढणीनं तोंड झाकून, मागच्या जिन्यानं आत शिरून, कोणी ओळखेल का या धाकात. तिच्या कष्टाचं हे स्वागत नव्हे. मागचं दार मनातून काढून टाका, आणि दिरांना हे कारण सांगून काढा, म्हणजे ऐन वेळी कोणी पुन्हा तो विषय काढणार नाही.

आता तुमची झोप ज्यानं उडवली आहे ते. 'ए' म्हणजे घाणेरडा सिनेमा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याला कारणंही आहेत. आपल्या लहानपणी भिंतींवर 'फक्त प्रौढांसाठी'ची जी पोस्टरं दिसायची, त्यांनी ही समजूत घडवली. पण ते अक्षर सिनेमाची लायकी सांगत नाही. तो कोणासमोर दाखवावा एवढंच ते सांगतं. मारहाण असेल, मृत्यूची दृश्यं असतील, आत्महत्या असेल, किंवा पेलायला कठीण असा एखादा विषय असेल, तरी 'ए' मिळतं.

यावरून मला एक जुना खटला आठवतो, आणि त्याचा धागा आपल्या नागपूरशी जुळतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी देशातल्या चार महानगरांवर एक छोटा माहितीपट केला होता. श्रीमंतांची चकचकीत वस्ती आणि तिथंच राबणाऱ्या गरिबांचं जगणं, दोन्ही शेजारी शेजारी. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. सिनेमांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळानं 'ए' देऊ केलं, अब्बास यांना 'यू', म्हणजे सगळ्यांना बघता येईल असं प्रमाणपत्र हवं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७० मध्ये निकाल लिहिला तो सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. सिनेमांची 'यू' आणि 'ए' अशी विभागणी करणं योग्य आहे, हे त्या निकालानं मान्य केलं. पण लैंगिक विषय आला म्हणजे तो अश्लील झालाच असं समजू नये, हेही त्यात बजावून सांगितलं. गरिबीबद्दल मनापासून काही सांगू पाहणाऱ्या माणसाच्या कामालाही मंडळानं 'ए' देऊ केलं होतं. मग तुमच्या लेकीच्या सिनेमाला लागलं म्हणून तुम्ही कुठल्या चिखलात पाय ठेवला, असं का समजता?

तुम्ही कथा लिहिली आहे. दारुड्या नवऱ्याच्या हातची मारहाण सोसणारी बाई, आणि ते सगळं दाराआडून बघणारी तिची मुलगी. ही मुलगी म्हणजे तुमची लेक. सिनेमे तपासताना मंडळ ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बघतं, ती १९९१ सालची आहेत. त्यांत एक बाब अगदी स्पष्ट आहे: हिंसेत मुलं मारणारी, मार खाणारी किंवा ती हिंसा बळजबरीनं बघावी लागणारी दाखवली असतील, तर तिथं काळजी घ्यायची. शिवाय सिनेमा सुटा सुटा न बघता त्याचा एकूण परिणाम काय होतो ते बघायचं, असंही त्यांत आहे. मी सिनेमा पाहिलेला नाही, पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुमच्या लेकीचा चेहराच या 'ए'च्या मुळाशी असणार. दाराआडच्या त्या चेहऱ्यामुळे मारहाण जास्त लागते. तिनं काम चोख केलंय, ताई.

"पण सेटवर तर असं काही नव्हतं," असं तुम्ही लिहिता, आणि तेही खरं आहे. तुम्ही दिलेलं वर्णन मला फार महत्त्वाचं वाटतं. दिग्दर्शकानं भिंतीवर खडूनं एक फुली काढली. लेकीला सांगितलं, या फुलीकडे बघ, मनात सावकाश वीस मोज आणि वीस झाले की डोळे मिट. तेव्हा समोर ना नवरा होता ना बायको. नायिका बाजूला खुर्चीवर बसून टॉवेलनं घाम पुसत होती, आणि 'कट' झाल्यावर तिनं लेकीला संत्र्याची गोळी दिली. ही काम करायची चांगली पद्धत आहे. लहान मुलाला खरोखर घाबरवून काम करून घेणारेही असतात. या लोकांनी तसं केलं नाही. पुढे एडिटिंगच्या टेबलावर फुलीकडे बघणारा तो चेहरा एका बाजूला आला, दुसऱ्या बाजूला मारहाण आली, खाली आवाज लागला, आणि आकडे मोजणारी मुलगी भेदरलेली मुलगी झाली. तुम्ही १९ दिवस सोबत होतात तरी हे तुम्हाला दिसलं नाही, कारण ते तिथं नव्हतंच. फसवणूक झाली असं लगेच म्हणू नका. पण एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: काम घेताना पूर्ण पटकथा हातात आली होती, की फक्त लेकीचे सीन? पत्रावरून वाटतं, फक्त सीन. ती पटकथा मागायची राहिली. पुढच्या खेपेला मागा.

आता नवऱ्याचं म्हणणं. कंपनीवर दबाव आणा, सीन कापा, 'यूए' आणा, म्हणजे पालकांच्या मर्जीनं मुलांना बघता येईल असं प्रमाणपत्र.

हे कसं चालतं ते आधी सांगते. प्रमाणपत्रासाठी अर्ज निर्मिती संस्था करते. मंडळाची परीक्षण समिती सिनेमा बघते. त्या समितीत मंडळाचा एक अधिकारी असतो, बाकीचे सल्लागार सदस्य, आणि त्यांत स्त्रिया असाव्याच लागतात. पुष्कळदा समिती दोन वाटा ठेवते: अमुक दृश्यं कमी करा, 'यूए' घ्या, नाहीतर आहे तसा ठेवा, 'ए' घ्या. कंपनीला पटलं नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्याच्याही पुढे पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय.

आणि कंपनी 'ए' हौसेनं घेत नाही, हे लक्षात घ्या. 'ए' मिळालं की कुटुंबं थिएटरात येत नाहीत, शाळा-कॉलेजची पोरं येत नाहीत, आणि टीव्हीवर तो सिनेमा तसाच्या तसा दाखवता येत नाही. टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. लहान निर्मात्याला टीव्हीचे पैसे म्हणजे मोठा आधार. एवढं नुकसान पत्करून एखादी छोटी संस्था 'ए' घेते, तेव्हा दिग्दर्शक कुठल्या तरी दृश्यासाठी अडून बसला असण्याची शक्यता पुष्कळ. ते दृश्य बहुधा तुमच्या लेकीचंच आहे. तुम्ही दबाव आणून जे कापायला लावाल, ते तिचं सगळ्यात चांगलं काम असेल. नवऱ्याला हे सांगा आणि मग विचारा, तरी कापायचं का?

शिवाय समजा, कापलं आणि 'यूए १६+' मिळालं. मग काय होईल? १९८३ मध्ये मंडळाच्या नावातून 'सेन्सॉर' शब्द गेला आणि 'प्रमाणन' आला. 'यूए' हा वर्गही त्याच वर्षी आला. २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. हे तिन्ही आकडे पालकांसाठी आहेत. दारावरचा माणूस त्यांच्या आधारे कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे 'यूए १६+' असता तर तुमची १२ वर्षांची लेक तिकीट काढून कायद्यानं आत बसली असती, आणि दाखवायचा की नाही ही जबाबदारी पुरती तुमच्यावर आली असती. सासरे, दीर, ४० पाहुणे, सगळे तुमच्याकडे बघत राहिले असते. खरं सांगा, तेव्हा तुम्ही काय केलं असतं? तोच सिनेमा, दोन मिनिटं कमी. मला वाटतं, तुमची झोप तेव्हाही उडालीच असती. आज 'ए'मुळे तुम्हाला घरात ठामपणे म्हणता येतंय, "कायद्यानं चालत नाही." तो आधार घ्या.

एका ठिकाणी मात्र दबाव आणायलाच हवा. तुमच्या लेकीनं जे केलं नाही ते तिनं केलं असं सिनेमात दाखवलं असेल, तिच्या जागी दुसरं कोणी वापरून तिच्या चेहऱ्याशी काही जोडलं असेल, आणि त्याला तुमची संमती नसेल, तर सिनेमा लागायच्या आधी लेखी हरकत घ्या. त्या स्थानिक माणसाला फोन करत बसू नका. त्याच्या हातात खरंच काही नाही. प्रमाणपत्रासाठी अर्ज ज्या निर्मिती संस्थेनं केला, तिलाच पत्र आणि ईमेल पाठवा. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जे प्रमाणपत्र दिसतं, त्यावर अर्जदार आणि निर्मात्याचं नाव असतं. ते तेव्हा कळेल, पण तुमच्याकडच्या करारपत्रावर ते आत्ताच असणार. करारपत्र काढून वाचा.

ते वाचताना आणखी एक बघा. तुमच्या चार पानी पत्रात लेकीच्या पैशांचा एक शब्द नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. १४ वर्षांखालच्या मुलांना सिनेमात काम करायला कायद्यानं मोकळीक दिली आहे, पण अटींवर. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार निर्मात्यानं जिथं शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची असते. काटोल आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे ही परवानगी सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयातून. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही. पाच मुलांमागे सुरक्षेला एक जबाबदार माणूस. मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही नाही. आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. तुमच्याकडे त्या ठेवीची पावती आहे का? नसेल तर त्याच पत्रात मागा. भांडायची गरज नाही, पण मागायला लाजूही नका. तो पैसा लेकीचा आहे. ज्यांची मुलं सध्या नाटक-सिनेमाच्या ऑडिशन्सना जाताहेत, त्यांनीही हे कागद आत्ताच डोळ्याखालून घालावेत. पूर्ण पटकथा मागावी, कुठल्या प्रमाणपत्राचा सिनेमा करायचा विचार आहे ते विचारावं, आणि अवघड सीन मुलाकडून कसा करून घेणार हे दिग्दर्शकाच्या तोंडून ऐकावं. खडूच्या फुलीसारखं ठोस उत्तर मिळालं तर बरं. "बघू सेटवर" असं उत्तर आलं तर मी माझं मूल पाठवणार नाही.

आता लेकीकडे वळू. ट्रेलरनंतर ती गप्प झाली. "मलाच का नाही?" हे तिनं मोठ्यानं विचारलं, पण किंकाळीचं ती एकदाच बोलली आणि मिटली. मी बरीच वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेतली आहेत. मुलं जे एकदाच बोलतात ते नीट ऐकावं लागतं. तुम्हा सगळ्यांचा जीव 'ए'त अडकलाय. तिचा, मला वाटतं, त्या आवाजात अडकलाय. पडद्यावर तिचं तोंड उघडं आहे आणि त्यातून दुसऱ्याच कोणाचा आवाज येतोय. तिला काय वाटत असेल? माझा आवाज चांगला नव्हता का? मला का नाही बोलावलं? आणि हे मैत्रिणींना कसं सांगायचं?

याची साधी कारणं असू शकतात. डबिंग मुंबईला झालं असेल आणि तिची शाळा सुरू असेल. किंवा, आणि हे मला जास्त शक्य वाटतं, तिच्याकडून ती किंकाळी मुद्दामच घेतली नसेल. किंचाळायला लावलं की मूल खरंच घाबरतं, आणि पुढे ते कुठल्या दृश्याला लागणार हे तिला कळू नये म्हणून एखाद्या मोठ्या डबिंग कलाकाराचा आवाज वापरला असेल. तसं असेल तर ती काळजीच आहे. पण हे तुम्ही किंवा मी अंदाजानं सांगून चालणार नाही. दिग्दर्शकानं तिला स्वतः सांगायला हवं. तिनं त्यांच्याकडे १९ दिवस काम केलंय, एवढं उत्तर तिला मिळायला हवं.

म्हणून कंपनीला लिहाल तेव्हा सीन कापण्याऐवजी हे मागा. दिग्दर्शकानं लेकीसाठी एक तास द्यावा. शक्य असेल तर तुमच्यासह तिला एडिटिंगच्या जागी बसवावं, नाहीतर प्रचारासाठी ते नागपूरला येतील तेव्हा भेटावं. तिचे सुटे सीन तिला दाखवावेत: विहिरीवरचा, शाळेत जातानाचा, वेणी घालतानाचा. फुलीच्या सीनचा फक्त तिचा तुकडा, मारहाणीविना. तो चेहरा आणि त्याच्याखाली लावलेले आवाज, मग आवाज काढून तोच चेहरा. सिनेमा कसा होतो, हे १२ वर्षांच्या मुलीला उत्तम कळतं, आणि एकदा ते कळलं की पडद्यावरच्या गोष्टीची भीती बरीच उतरते. संपूर्ण सिनेमाची कॉपी पेनड्राइव्हवर मात्र मागू नका, कोणी देऊ केली तरी घेऊ नका. तो बाहेर फुटला तर पहिलं बोट तुमच्या घराकडे जाईल. सिनेमाच्या चोरट्या नकलांना २०२३ च्या दुरुस्तीत तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे.

घरी पुढे कधी तो सिनेमा तिला दाखवायचा का? थिएटरच्या दाराचा नियम तुमच्या बैठकीला लागत नाही, तिथं तुम्ही दोघं ठरवाल. ओटीटीवर आला तर तिथलं वर्गीकरण तो प्लॅटफॉर्म स्वतः करतो. २०२१ च्या नियमांनुसार 'ए' ठरवलेल्या गोष्टींना तिथं वयाची पडताळणी आणि १३+ पासून पुढे पालकांच्या हातातलं कुलूप असावं लागतं. टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती आली तर ती कदाचित तिच्यासाठी सगळ्यात बरी असेल. टीव्हीची आवृत्ती करणार आहात का, हा प्रश्न त्याच पत्रात घाला. पण हे सगळं नंतरचं. आधी तुम्ही बघा. ४० जणांच्या गर्दीत नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला, नवऱ्यासोबत किंवा एकट्याच. तुम्ही सिनेमा न बघता गेले कित्येक दिवस त्याच्याबद्दल घाबरताय. बघितल्यावर कदाचित कमी घाबराल, कदाचित जास्त, पण मग जे वाटेल ते खऱ्या सिनेमाबद्दल असेल.

सासऱ्यांचा मान राखायचा प्रश्न आहे, तो मला कळतो. नातीचं नाव पडद्यावर येणार, हा त्यांचा आनंद खोटा नाही. त्यांना सांगा, मोठ्या माणसांनी खुशाल जावं, सिनेमा बघावा. पण थिएटरबाहेर लेकीच्या नावाचा फ्लेक्स आणि लेक घरी, असं करू नका. आणि त्या संध्याकाळी तिला एकटीला वाट बघत बसवू नका. ४० जणांना दुसऱ्या दिवशी घरी बोलवा. दिग्दर्शकाकडून मिळाले तर तिचे ते दोन-चार सीन टीव्हीवर लावा, तिच्याकडून शूटिंगच्या गोष्टी ऐका. काटोलच्या उन्हात दुपारी शूटिंग थांबायचं तेव्हा ती संत्र्याच्या बागेत काय करायची, हे तुम्ही तीन ओळींत लिहिलंय. तिच्या तोंडून ते अर्धा तास चालेल. आजोबांना पुढच्या खुर्चीत बसवा.

शाळेतलं तेवढं राहिलं. कोणीतरी पोट्टं विचारणारच, "तुझा सिनेमा गंदा आहे म्हणे?" तिला आधीच एक सरळ उत्तर देऊन ठेवा, जे खरं आहे आणि जे तिला मान वर करून म्हणता येईल: "त्यात मारहाण आहे, म्हणून तो मोठ्यांसाठी आहे. मी त्यातल्या मुलीचं काम केलंय." एवढंच पुरे. वर्गशिक्षिकेच्या कानावरही घालून ठेवा.

तुम्ही सिनेमा बघून घरी याल तेव्हा ती दारातच उभी असेल. बाकी सगळं ती नंतर विचारेल, आधी आवाजाचं विचारेल. म्हणून दिग्दर्शकाला पत्र आजच पाठवा, त्यांचं उत्तर त्या दिवसाआधी तुमच्या हातात असायला हवं.